सभा खुली, फोन बंद

चाळीस सेकंदांची क्लिप. एक नगरसेवक उभे आहेत, हातात कागद आहे, आणि ते म्हणतात, "कांस तो साफ छे!" मागून हशा पिकतो. क्लिप संपते. कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा उघडा नाला. बडोद्याकडच्या मराठी माणसाला हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडचे वाचक असतील म्हणून सांगितलं. ज्या सोसायटीच्या मागून ही कांस वाहते, म्हणजे वाहायला हवी, त्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही क्लिप रात्री नऊला पडली आणि साडेनऊपर्यंत त्या नगरसेवकांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला होता.

क्लिप काढणारे काका आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातले, माझ्या शेजारचे. रेल्वेतून निवृत्त. कांस मात्र इथली नाही. शेजारच्या शहरात त्यांच्या थोरल्या भावाचं टेनामेंट आहे. भाऊ गेले, वहिनी एकट्या राहतात, आणि पावसाळ्यात ओट्याला पाणी लागलं की काका मेमू लोकल पकडून तिकडे. म्हणजे हे प्रकरण आमच्या खंडेराव मार्केटमध्ये बसणाऱ्या महानगरपालिकेचं नाही. कुठल्या पालिकेचं ते सांगणार नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायदा मात्र तोच आहे, बदललेला नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

मे महिन्याच्या सामान्य सभेत प्रि-मोन्सून कामांचा विषय होता. 2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्या वर मजल मारली, तेव्हापासून प्रि-मोन्सून हा शब्द काकांना स्वस्थ बसू देत नाही. ते सभेला गेले. दारावर रजिस्टरात नाव लिहिलं, सही केली, गॅलरीत बसले. फोनबद्दल कुणी काही बोललं नाही, कुठे पाटीही नव्हती. वक्ता उठला की काका चित्रण सुरू करत आणि बसला की बंद. फोनमध्ये जागा कमी म्हणून ही काटकसर. अशा पाच क्लिप झाल्या. पहिली त्यांनी तिथूनच पुतणीला पाठवून दिली.

वीसेक मिनिटांनी सुरक्षारक्षक आला.

"काका, मोबाइल अलाउड नथी."

"क्यां लख्युं छे?" म्हणजे, कुठे लिहिलंय?

"लख्युं नथी, पण नथी."

या तीन वाक्यांत अख्खं प्रकरण आहे, असं मला अजूनही वाटतं. काकांना खाली केबिनमध्ये नेलं. "सरकारी ऑफिसमां विडिओ उतारवो गुनो छे," असा दम कुणीतरी दिला, आणि त्यांच्याच हातून पाचही क्लिप डिलीट करून घेतल्या. सत्तरीच्या माणसाने काय करायचं? केल्या. पुतणीने तिच्याकडची क्लिप आईला पाठवली, आईने, म्हणजे वहिनींनी, ग्रुपवर टाकली. पुढचं वर आलंच आहे.

तिसऱ्या दिवशी नगरसेवकांचा फोन आला. बदनामीची नोटीस पाठवतो म्हणाले. तेव्हा काका माझ्याकडे आले. मी वकील नाही. माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारा, दहा-बारा वर्षं हेच उद्योग करणारा माणूस आहे. काकांना नोटीस टाळायची होती आणि त्या सुरक्षारक्षकाला धडा शिकवायचा होता. मी म्हटलं, आधी उरलेल्या क्लिप बघू.

हल्ली बहुतेक फोनमध्ये डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही, कचऱ्याच्या फोल्डरमध्ये काही दिवस पडून राहतो. पुतणीने दोन मिनिटांत चारही परत आणल्या. दुसरी क्लिप सुरू होते ती अशी: "...एम अधिकारी साहेब कागळ पर लखे छे. हुं काले त्यां ऊभो हतो. घूंटण सुधी कचरो छे." म्हणजे, असं अधिकारी साहेब कागदावर लिहितात; मी काल तिथे उभा होतो, गुडघाभर कचरा आहे.

खोलीत कुणी काही बोललं नाही. नगरसेवक आपल्याच बाजूचे होते. अधिकाऱ्यांच्या अहवालातलं वाक्य त्यांनी टोमणा मारत वाचलं, लोक हसले, बोलणं संपलं असं समजून काकांनी बोट दाबून क्लिप थांबवली, आणि गुडघाभर कचऱ्याचं वाक्य पुढच्या क्लिपमध्ये गेलं. ती पुढची क्लिप डिलीट करायला लावली पालिकेनेच. म्हणजे बंदीमुळे चित्रण काही थांबलं नाही, अर्धवट तेवढं बाहेर आलं. नुकसान झालं ते नगरसेवकांचं.

"काका, आधी माफी मागा," मी म्हटलं.

"मी? माझ्या क्लिप पुसायला लावल्या त्यांनी, आणि माफी मी मागायची?"

"क्लिप पुसायला लावल्या पालिकेच्या माणसांनी. बदनामी नगरसेवकांची झाली. दोन वेगळी खाती आहेत."

काका रुसले, चहा न पिता गेले. दुसऱ्या दिवशी पुतणीने समजूत घातली. माफीच्या दोन ओळी आणि सलग लावलेल्या दोन्ही क्लिप त्याच ग्रुपवर, जिथे पहिली पडली होती तिथेच, टाकल्या. नगरसेवकांना वेगळं पत्रही दिलं. नोटीस आली नाही. उलट पुढे नगरसेवकांचाच उपयोग झाला, ते येईलच.

आता कायदा. महाराष्ट्रातल्या वाचकांनी इथे पान उलटू नये, कारण कायदा त्यांचाही आहे. बडोदा संस्थान 1 मे 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. 1960 ला राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांकडे राहिला. आता नावात एकीकडे गुजरात आणि दुसरीकडे महाराष्ट्र असलं तरी पुण्याची महानगरपालिका आणि गुजरातेतल्या महानगरपालिका एकाच मुळावर वाढलेल्या आहेत. कामकाजाचे नियम त्याच्या अनुसूचीत आहेत आणि त्यात स्वच्छ म्हटलंय की प्रत्येक सभा जनतेला खुली असेल. अपवाद एकच: हजर सदस्यांच्या बहुमताने ठराव करून एखादा विषय बंद दाराआड घेता येतो. आणि जो कामकाजात व्यत्यय आणेल त्याला बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीला आहे.

म्हणजे काका गॅलरीत बसले ते पालिकेच्या मेहरबानीने नव्हे. "सभेला यायला परवानगी लागते" असं दारावरचे लोक जे ऐकवतात त्याला आधार नाही. रजिस्टरात नाव घेणं ठीक, सुरक्षेचा भाग आहे.

फोनचं काय? कायदा गप्प आहे. 1949 साली ध्वनिमुद्रण म्हणजे खोलीभर यंत्रं. खिशातून कॅमेरा येईल हे कुणाच्या स्वप्नात नव्हतं. या गप्पपणाचे दोन अर्थ लावता येतात. एक, जे मना केलेलं नाही ते चालतं. दोन, सभागृहाची शिस्त अध्यक्षांच्या हाती, ते म्हणतील तसं. माझं मत पहिल्याकडे झुकतं, पण ते मत आहे. जाणून घेण्याचा हक्क अभिव्यक्तीच्या हक्कातून येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या राज नारायण प्रकरणात सांगितलं. त्यावरून उडी मारून "गॅलरीतून चित्रण करणं हा माझा मूलभूत हक्क" असं मी अर्जात लिहीत नाही. लिहिलं की समोरचा अधिकारी सावध होतो आणि साध्या प्रश्नाचंही उत्तर देत नाही. मी विचारतो एवढंच: शांत बसून, दिवा न लावता, उभं न राहता चित्रण केलं तर नेमका कुठला व्यत्यय येतो? आणि आला असं अध्यक्षांना वाटलं, तर तसं त्यांनी सभेत म्हटलं का? काकांच्या बाबतीत महापौरांना गॅलरीत काय चाललंय हे ठाऊकही नव्हतं. निर्णय दारावरच्या माणसाने घेतला. त्या बिचाऱ्यालाही तो कुणी दिलेला नव्हता. "इथे असंच असतं" म्हणून त्याने घेतला.

क्लिप डिलीट करायला लावणं तर कशातच बसत नाही. व्यत्यय आणणाऱ्याला बाहेर काढता येतं. त्याच्या खिशातली वस्तू रिकामी करून घेता येत नाही. आणि "सरकारी ऑफिसमां गुनो" हा जो दम आहे, तो बहुधा शासकीय गुपितांच्या कायद्याच्या ऐकीव गोष्टीवरून येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये म्हटलं की पोलीस ठाणंसुद्धा त्या कायद्यातलं 'निषिद्ध स्थान' नाही, तिथे व्हिडिओ काढणं त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. हा निकाल गुजरातेत बंधनकारक नाही, दाखवता येतो इतकंच. पण पोलीस ठाण्याला जे लागू नाही ते कायद्यानेच खुल्या ठेवलेल्या सभागृहाला कसं लागेल?

सगळ्यांत जास्त वेळ गेला तो एका गैरसमजावर, आणि तो दोन्ही बाजूंना होता. सभागृह म्हटलं की लोकांना विधानसभा आठवते. विशेषाधिकार, हक्कभंग वगैरे. संविधानाच्या 105 आणि 194 या अनुच्छेदांतले विशेषाधिकार संसदेला आणि राज्य विधिमंडळाला आहेत. महानगरपालिका त्यात नाही. त्यामुळे "सभागृहाचा हक्कभंग केला" म्हणून काकांवर काही करता येणार नव्हतं.

पण हीच गोष्ट उलटूनही लागते, आणि ती क्लिप फिरवणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी. संसदेच्या किंवा विधानसभेच्या कामकाजाचं खरं वृत्त छापणाऱ्याला 361-अ या अनुच्छेदाचं संरक्षण आहे. आणीबाणीत वृत्तपत्रांचं जे झालं त्यानंतर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ते आलं. पालिकेच्या सभेला हे कवच नाही. उद्या एखाद्या नगरसेवकाने सभेत एखाद्या ठेकेदाराला चोर म्हटलं आणि तुम्ही ते चित्रण पसरवलं, तर "मी फक्त सभेत घडलं ते दाखवलं" एवढ्यावर सुटका होईलच असं नाही. मग खरेपणा, लोकहित, शुद्ध हेतू हे बदनामीच्या कायद्यातले नेहमीचे बचाव आणावे लागतात, आणि चाळीस सेकंदांचा तुकडा घेऊन शुद्ध हेतू सिद्ध करणं अवघड. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी प्रथमच शांतपणे ऐकून घेतलं.

पुतणी इंग्लंडात दोन वर्षं शिकून आली आहे. तिला हा सगळा घोळच कळेना. तिकडे तिने एका छोट्याशा गावाच्या कौन्सिलची बैठक पाहिली होती; मागच्या खुर्चीवरचा एक म्हातारा तिवईवर फोन लावून अख्खी बैठक टिपत होता आणि कुणी वळूनही पाहत नव्हतं. तिकडेही हे आपोआप झालेलं नाही. बैठकांना लोकांनी आणि पत्रकारांनी बसावं याचा कायदा 1960 चा, आणि तो खासगी विधेयक म्हणून आणला तेव्हा नवख्या खासदार असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी. पण त्यात चित्रणाचा हक्क नव्हता, आणि कौन्सिलं आपल्यासारखीच "पद्धत नाही" म्हणून माणसांना बाहेर काढत. शेवटी 6 ऑगस्ट 2014 पासून नवे नियम लागू झाले, फक्त इंग्लंडपुरते. त्यात गावच्या पॅरिश कौन्सिलपासून मोठ्या शहरांपर्यंत सगळ्या आल्या. आगाऊ परवानगी लागत नाही. चित्रण, ध्वनिमुद्रण, तिथूनच लिहून पाठवणं, सगळं चालतं. तोंडी समालोचन मात्र बैठक चालू असताना तिथे बसून करू द्यायलाच हवं असं नाही. आणि बैठक गोपनीय विषयासाठी बंद झाली की कॅमेराही बाहेर. मागे चालू ठेवून जाता येत नाही.

मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते समालोचनाचं. व्यत्यय म्हणजे काय, हे त्यांनी ऐकू येण्यावर ठरवलं. फोन असणं व्यत्यय नाही, फोनवर बोलत बसणं व्यत्यय आहे.

काका म्हणाले, "आपल्याकडे हायकोर्ट दाखवतं की यूट्यूबवर." बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली, आणि गुजरात उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2020 पासून ते प्रयोग म्हणून सुरू केलं, पुढे 2021 मध्ये नियम केले. अहमदाबादेत सोल्याला असलेल्या या न्यायालयातलं कामकाज घरबसल्या बघता येतं. पण तिथेही स्वतः मुद्रण करायची मनाई आहे. कॅमेरा न्यायालयाचा, बटणही न्यायालयाचं. न्यायालयाचं ठीक आहे, तिथे साक्षीदार असतात, पीडित असतात. नगरसेवक तर मतं मागून आलेले असतात. त्यांच्या सभेत बटण एकाच हाती असावं, हे मला पटत नाही. आवाज बंद पडला की नेमका वादाच्या वेळीच पडतो, हा अनुभव सगळ्यांना आहे.

आम्ही केलेली कारवाई सांगतो, कारण यातला काळाचा हिशोब कुणाच्या उपयोगी पडू शकेल.

पालिकेच्या सेक्रेटरींच्या कार्यालयात कार्यवृत्त लिहायला आवाज मुद्रित करतात, हे काकांनी गॅलरीतून टेबलावरचं यंत्र पाहून सांगितलं होतं. निवृत्त असले तरी नजर रेल्वेची. कार्यवृत्त पुढच्या सभेत कायम होतं. ते झालं की मुद्रण पुसलं जाण्याची भीती. म्हणून पुढच्या सभेच्या आत अर्ज पोचवायचा होता. 20 रुपये फी भरून अर्ज दिला. त्यात तीनच गोष्टी मागितल्या. गॅलरीत मोबाइलला मनाई करणारा ठराव, नियम किंवा परिपत्रक असल्यास त्याची नक्कल. त्या सभेच्या मुद्रणाची प्रत. आणि माहिती अधिकार कायद्याच्या 4(1)(ख) खाली पालिकेने स्वतःहून जाहीर करायचं असतं ते आठव्या क्रमांकाचं निवेदन: कोणती मंडळं, कोणत्या समित्या, त्यांच्या बैठका जनतेला खुल्या आहेत का, आणि त्यांची कार्यवृत्तं लोकांना मिळतात का. हे कलम 2005 पासून कायद्यात आहे आणि माझ्या पाहण्यात ते जितकं दुर्लक्षित आहे तितकं दुसरं नाही. बहुतेक ठिकाणी नगरसेवकांच्या नावांची यादी लावून मोकळे होतात.

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. ठराव नाही, परिपत्रक नाही, "प्रथेनुसार मनाई". मुद्रण देता येणार नाही, कारण "सभागृहाचा विशेषाधिकार". निवेदनाबद्दल एक शब्दही नाही.

पहिलं अपील एका पानाचं केलं. कलम 8(1)(ग) मध्ये विशेषाधिकाराचा अपवाद आहे, पण तिथे शब्द संसद आणि राज्य विधिमंडळ असे आहेत, एवढंच लिहिलं आणि ते शब्द अधोरेखित केले. सुनावणीला नगरसेवक स्वतः आले. हो, तेच. "मारी वात आखी बहार आववी जोईए," म्हणाले. त्यांचं पूर्ण बोलणं बाहेर यावं यात आता त्यांचाच फायदा होता. अपिली अधिकाऱ्यांनी मुद्रण द्यायला सांगितलं आणि निवेदन अद्ययावत करायलाही. सीडीवर मिळालं. टेबलावरच्या माइकचं असल्यामुळे मागच्या बाकांवरची हुल्लड ऐकू येत नाही, पण गुडघाभर कचऱ्याचं वाक्य लखलखीत आहे. कार्यवृत्तात मात्र त्या जागी एवढंच लिहिलंय: "सदर कामाबाबत चर्चा झाली."

चर्चा झाली! काका ते वाचून हसत सुटले.

या प्रकरणात काकांच्या मूळ क्लिप आम्ही तशाच ठेवल्या. व्हॉट्सॲपवर फिरलेली फाइल दाबली जाते, तिचा मूळ तपशील जातो. प्रकरण कोर्टात गेलंच तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकड्या-अक्षरांचा ठसा, द्यावी लागते. त्यामुळे फोनमधली मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवायची आणि फिरवायची ती प्रत. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी जुना फोनच कपाटात ठेवला आणि मुलाकडून नवा घेतला. इतकं करायची गरज नव्हती.

आता काका पुन्हा सभेला जातात. मी सुचवलं त्याप्रमाणे सभेच्या आधी सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र देतात: मी गॅलरीत बसून सबंध सभेचं चित्रण करणार आहे, हरकत असल्यास नियमाच्या उल्लेखासह कळवावं. पोच घेतात. शेजारी बसलेल्यांचे चेहरे येणार नाहीत असा फोन धरतात. एकदा शाळेची मुलं सभा बघायला आली होती तेव्हा त्यांनी फोन खाली ठेवला, आपणहून. आणि मध्ये बंद करत नाहीत. जास्तीचं मेमरी कार्ड घेतलंय. दोन सभा अशा झाल्या, कुणी अडवलं नाही.

तिसऱ्या वेळी गॅलरीच्या दारावर नवी कोरी पाटी होती. लाल अक्षरांत: "मोबाइल बंध राखवा." खाली ना ठराव क्रमांक, ना तारीख, ना सही. सुरक्षारक्षक तोच होता. त्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "काका, हवे लख्युं छे." आता लिहिलंय.

काकांनी फोन बंद केला, सभा पूर्ण ऐकली, आणि परतीच्या मेमूत बसून त्या पाटीमागचा ठराव मागणारा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला. मला फक्त शुद्धलेखन तपासायला दिलाय.